चार इंची भिंत

हातातलं काम सुटल्यावर निसारला बायकोचं, मासूमाचं, एक जुनं बोलणं आठवलं.

मालेगावात त्यांचं घर आणि लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना एकाच छताखाली होता. खाली लूम, कोपऱ्यात शेगडी आणि भांडी, वर माळ्यावर अंथरुणं. कापसाचे तूस दिवसभर हवेत तरंगायचे आणि जागा मिळेल तिथे बसायचे. मासूमा परातीवर ओढणी टाकून, ओढणीच्या आतून हात घालून पीठ मळायची. मुलगा वसीम रांगत होता तेव्हा एकदा ती पिठातले तूस निवडता निवडता म्हणाली होती, "मला कधीतरी एक स्वयंपाकघर मिळू दे. चारी बाजूंनी भिंती असलेलं. दार लावलं की बाहेरचं बाहेर."

निसारने तेव्हा नुसती मान हलवली होती. तो जॉबर होता, म्हणजे लूम बसवणारा आणि बिघडले की दुरुस्त करणारा. त्याला दिवसभर कुठून ना कुठून बोलावणं असायचं. स्वयंपाकघर राहून गेलं.

आता वसीम नाशिकला अंबडमधल्या एका कंपनीत कामाला होता. वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या आतल्या गल्लीत त्याने एक रो-हाउस घेतलं. मालेगावचे जुने लूम भंगारात गेले आणि आईवडील लेकाकडे राहायला आले. घर लहान, पण उजेडाचं होतं. खाली हॉल आणि त्याला लागून उघडं स्वयंपाकघर. मध्ये भिंत नाही, दार नाही. ओट्यापाशी उभं राहिलं की हॉल, जिना आणि पुढचं दार, सगळं एका नजरेत यायचं.

मासूमाला ओट्याची ती जागा फार आवडली. का आवडली, हे कुणी विचारलं नाही.

लूम चालू असताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं ओरडणंही ऐकू येत नाही. म्हणून लूमवर काम करणारी माणसं आवाज न काढता बोलायला शिकतात. ओठ हलवायचे, भुवया उचलायच्या, बोटांनी खुणा करायच्या. निसार आणि मासूमाचं लग्नानंतरचं पहिलं भांडण असंच सगळ्या कामगारांसमोर झालं होतं. एक शब्द कुणाच्या कानावर गेला नाही, पण समजला सगळ्यांना. शुक्रवारी लूम बंद असायचे, गाव शांत असायचं, तेव्हाही दोघं सवयीने तसंच बोलायची. त्या आवाजात वर्षं काढली की कान हळूहळू जातात. पण ज्या घरात सगळेच ओठांकडे बघून बोलतात, तिथे कुणाचे कान किती गेलेत ते कळत नाही. मासूमाचे जवळजवळ पूर्ण गेले होते. घरचे म्हणायचे, "अम्मीला जरा कमी ऐकू येतं." तेवढंच. कारण ती समोर असली की तिला सगळं कळायचं. हॉलमध्ये कोण काय बोललं, कोण कुणावर चिडलं, नातीने, झेबाने, कोणती खोडी केली, हे ओट्यापाशी उभी राहून ती सांगू शकायची. पोळी लाटताना तिची नजर सारखी फिरायची. पोळपाटावर, मग हॉलमध्ये, मग दाराकडे, पुन्हा पोळपाटावर.

एके दिवशी निसार तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तुला भिंत बांधून देतो."

"कसली भिंत?"

"स्वयंपाकघराची. दारासकट."

"कशाला? इथून सगळं दिसतं."

"तेच म्हणतोय मी. आल्यागेल्यालाही सगळं दिसतं. तुझा पसारा, तुझी खरकटी भांडी."

"राहू द्या हो. या वयात विटा उचलणार?"

निसारला वाटलं, ही नेहमीसारखीच स्वतःसाठी काही मागायला लाजतेय. त्याचा बेत आणखी पक्का झाला.

वसीम म्हणाला, "अब्बा, मिस्त्री बोलावतो. दोन दिवसांत करून जाईल."

"मिस्त्री कशाला? आयुष्यभर लूम बसवले मी. सूतभर हलला तर कापड बिघडतं. आणि मला भिंत जमणार नाही?"

"लूम वेगळा, भिंत वेगळी."

"भिंत सोपी. ती चालत नाही."

झेबाला, वसीमच्या मुलीला, तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती. आजोबा आणि नात मोबाइलवर भिंत बांधायचे व्हिडिओ बघत बसायचे. झेबा मध्येच व्हिडिओ थांबवून विचारायची, "दादाजान, विटा पाण्यात का बुडवतात?" निसारला व्हिडिओत उत्तर मिळालं नाही. मग त्याने एक वीट कोरडी ठेवली, एक भिजवली आणि दोन्हींवर सिमेंटचा माल थापला. थोड्या वेळाने झेबाला बोट लावून बघायला सांगितलं. कोरड्या विटेवरचा माल भुसभुशीत झाला होता.

"हिला तहान लागली होती," झेबा म्हणाली. "हिने मालातलं पाणी पिऊन टाकलं."

"मग माल कशाने घट्ट होणार? त्याला पाणी लागतं. म्हणून आधी विटेला पोटभर पाजायचं."

समपातळी कशी काढायची, तेही त्याने तिला दाखवलं. एका पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन तो खोलीच्या पलीकडे गेला. नळी वर कर, खाली कर, कोपऱ्यातून वळव. दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीला येऊन थांबायचं. झेबा नळी घेऊन जिन्यावर चढली, कॉटखाली शिरली. "याला कळतं कसं?" ती विचारायची. मासूमा ओट्यापाशी उभी राहून दोघांकडे बघत हसायची. आजीने आवाज न काढता नुसत्या ओठांनी विचारलं, "सगळं घर भिजवणार का?" आणि नातीने तसंच नुसत्या ओठांनी उत्तर दिलं, "हो." ही भाषा झेबा केव्हा शिकली, ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

माल नीट धरावा म्हणून फरशीला टाचे मारून निसारने पहिले काही थर बसवले. दुसऱ्या दिवशी ओळंबा सोडला, तर भिंत हॉलच्या बाजूला कललेली. शेजारचे देवरामकाका बघायला आले होते. ते मूळचे सायखेड्याचे, लेकीकडे राहायचे, आणि गल्लीत कुठे काही उकरलं-बांधलं जात असलं की हमखास हजर व्हायचे.

"निसारभाई, भिंत का अशी वाकून बघून राहिली?" ते म्हणाले. "टीव्ही बघायचा हाय का तिला?"

"पहिलीच आहे, काका. जरा लाजतेय."

"पाडा, पाडा. ओला माल हाय तवरच पाडा. नंतर लय जड जातं."

निसारने थर उतरवले, विटा खरवडून पुन्हा भिजवल्या आणि पुन्हा दोरी बांधली. चिडला नाही. झेबाला म्हणाला, "चुकलं ते दिसलं, हे बरं झालं. न दिसलेलं चुकलं तर पंचाईत."

मग भिंत सरळ चढत गेली. चार इंची, एका विटेच्या रुंदीची. एका दिवसात फार उंच न्यायची नाही, खालचा ओला माल दबतो, हे त्याला आता ठाऊक झालं होतं, म्हणून रोज थोडी थोडी. पहिल्या दिवशी मासूमाचा पदर भिंतीआड गेला. मग हात गेले. मग फक्त चेहरा उरला. तेव्हा झेबा विटांच्या वरून हनुवटी टेकवून तिच्याशी बोलायची. मग डोळे तेवढे राहिले. दुसऱ्या दिवशी निसारने मचाण लावलं आणि वरचे थर चढवले. दोरीकडे बघत असल्यामुळे त्याने खाली पाहिलं नाही.

प्लास्टर झालं, टाइल्स लागल्या, आपोआप बंद होणारं दार लागलं. धूर जायला वर पंखा बसवला. मासूमा आत जाऊन उभी राहिली. तिने भिंतीवरून हात फिरवला.

"छान झालंय," ती म्हणाली.

"मालेगावात म्हणाली होतीस, आठवतं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुमच्या लक्षात होतं?"

"सगळं लक्षात असतं माझ्या."

तिचे डोळे भरले. निसारला त्या दिवशी जेवढा आनंद झाला, तेवढा कधी एखादा अडून बसलेला लूम चालू केल्यावरही झाला नव्हता.

पावसाळा आला, झेबाची शाळा सुरू झाली. घरात हळूहळू एक बदल झाला. हॉलमधून हाक मारली तर आतून उत्तर येईना. मेहविश, सून, दोनदा हाक मारायची आणि मग स्वतः उठून पाणी घ्यायची. "अम्मी आजकाल ओ देत नाहीत," ती वसीमला म्हणाली. "माझं काही चुकलं का?" मासूमा पूर्वीसारखी मध्येच बोलत नसे. जेवायला बसली की सगळे ताटाकडे बघून बोलायचे, आणि ती गप्प जेवून पुन्हा आत जायची. कुठे काय चाललंय ते बघायला काम सोडून पुन्हा पुन्हा बाहेर येणं तिच्या स्वभावात नव्हतं. काम अर्धवट टाकून लूमपासून हलायचं नसतं, याच सवयीत तिचं आयुष्य गेलं होतं.

निसारला राग यायचा. त्याने दारापाशी उभं राहून हाक मारावी, आतून फक्त भांड्यांचा आवाज यावा. "स्वयंपाकघर काय मिळालं, महाराणी झाली," तो देवरामकाकांना म्हणाला.

"बायकांचं असंच असतंय. नवं घर मिळालं का नवरा जुना वाटतो," काका म्हणाले आणि दोघं हसले.

मग एका शुक्रवारी, नमाजहून आल्यावर, सगळे हॉलमध्ये बसले होते. मेहविशने मान खाली घालून वसीमला कोपराने ढोसलं. वसीमने घसा साफ केला आणि सांगितलं. झेबानंतर इतक्या वर्षांनी मेहविशला दिवस गेले होते. झेबाने उडी मारली. निसारने सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. वसीम स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून मोठ्याने ओरडला, "अम्मी! ऐकलंस का? घरात पाहुणा येतोय!"

आतून कढईत उलथनं आपटल्याचा आवाज आला. बाकी काही नाही.

मेहविशचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने मासूमा ताटं घेऊन बाहेर आली, वाढून झालं, जेवण झालं. तिने त्या विषयावर एक शब्द काढला नाही. पुढच्या दिवशीही नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. झेबा तिला सांगायला निघाली होती, पण मेहविशने तिला अडवलं. "त्यांना माहीत आहे. त्यांना बोलायचं नसेल, तर आपण कशाला बोलायचं?"

सून कोपऱ्यात डोळे पुसताना दिसली तेव्हा निसारचा तोल सुटला. तो स्वयंपाकघरात शिरला. मासूमा त्याच्याकडे पाठ करून भाकरी थापत होती.

"तुला झालंय तरी काय?" तो म्हणाला. "पोरगी रडतेय बाहेर. एवढी आनंदाची गोष्ट, आणि तुझ्या तोंडातून एक शब्द निघत नाही? मी काय कमी केलं तुझ्यासाठी? कंबर मोडून ही भिंत उभी केली..."

मासूमा भाकरी थापत राहिली. तिच्या खांद्याची जराही हालचाल झाली नाही. निसारला वाटलं, हा उर्मटपणा आहे. त्याने मांडणीवरचं स्टीलचं ताट उचललं आणि फरशीवर आपटलं.

ताट गोल गोल फिरत, खणखणत, बराच वेळ आवाज करून थांबलं.

मासूमाने भाकरी तव्यावर टाकली. शेजारी कुकर होता. तिने डावा हात ओट्याच्या दगडावर टेकवला, आणि कुकरची शिट्टी उडाली तेव्हा मान हलवून काहीतरी मोजलं. तिला शिट्टी हाताला कळत होती.

निसार तिथेच उभा राहिला. पिठाचा डबा घ्यायला ती वळली आणि दचकली.

"या अल्लाह! केव्हा आलात?" तिची नजर खाली गेली. "ताट कसं पडलं?"

निसारला आवाज काढायचं सुचलं नाही. त्याने नुसते ओठ हलवले. "कधीपासून?"

तिला लगेच समजलं. "कधीपासून काय?"

"ऐकू येत नाही."

ती जरा हसली. "मालेगावपासून. तुम्हाला काय आज कळलं?"

"वसीम त्या दिवशी ओरडून बोलला, तेही नाही आलं?"

"काय बोलला?"

निसारने सांगितलं. मासूमाचा पिठाचा हात तोंडावर गेला. चेहरा फुलून आला, आणि मग तसाच थांबला.

"केव्हा सांगितलं?"

"शुक्रवारी. हॉलमध्ये. सगळ्यांसमोर."

"मी कुठे होते?"

तिने स्वतःच भिंतीकडे पाहिलं आणि खाली वाकून ताट उचललं.

"मला सांगायचं नाही का," तो म्हणाला, "की भिंत नको?"

"सांगितलं होतं. इथून सगळं दिसतं म्हटलं होतं."

"तसं नाही. सरळ सांगायचं."

"इतक्या वर्षांपूर्वीचं माझं बोलणं तुम्ही जपून ठेवलं होतं," मासूमा म्हणाली. "नको कसं म्हणू?"

तव्यावरची भाकरी करपली होती. तिने ती उलटली, गॅस बंद केला आणि हात धुऊन बाहेर गेली. मेहविशला जवळ घेतलं. खूप वेळ घेतलं. मेहविशही रडली आणि "अम्मी, मला वाटलं तुम्हाला नको आहे" असं म्हणाली. मासूमा तिच्या तोंडाकडे बघत होती, पण मेहविशचं तोंड तिच्या खांद्यात होतं. म्हणून ती नुसती पाठीवर हात फिरवत राहिली.

वसीमने तिला डॉक्टरांकडे नेलं. कानाचं मशीन आलं. ते लावलं की भांड्याला भांडं लागलेलं थेट डोक्यात आदळायचं आणि माणसांचं बोलणं त्यात हरवायचं. "हा तर पुन्हा लूमच लावलात कानात," ती म्हणाली. बाहेर जाताना ती ते घालायची, घरात काढून ठेवायची.

निसारने भिंत फोडायची ठरवली. सगळी पाडायची होती, पण मासूमाने हात आडवा केला. एका बाजूला सिंक बसलं होतं, नळाचे पाइप भिंतीतून गेले होते, कपाटं टांगली होती. मग मधोमध रुंद खिडकी काढायचं ठरलं. झेबाला शाळेमुळे वेळ नव्हता. निसार एकटाच करायचा. आधी वरच्या विटांच्या खाली लोखंडी अँगल सरकवला, नाहीतर खालचं काढताना वरचं कोसळतं. मग कटरने रेघ मारली आणि छिन्नीने एक एक वीट सोडवायला लागला. माल पक्का बसला होता. प्रत्येक वीट भिजवून लावलेली, प्रत्येक सांधा नीट भरलेला. बऱ्याच विटा निघताना फुटल्या.

देवरामकाका आले, धूळ बघून दाराबाहेरच थांबले. "चांगली होती की हो भिंत," ते म्हणाले.

"हो," निसार म्हणाला. "चांगली झाली होती."

खिडकी झाली. कडा गुळगुळीत केल्या, खाली कडाप्प्याची पट्टी बसवली. खिडकीला दार लावायचं नाही, पडदा लावायचा नाही, असं त्याने बजावलं. काम संपल्यावर तो हॉलमधल्या खुर्चीवर जाऊन बसला. खिडकीतून मासूमा स्पष्ट दिसत होती. त्याने आवाज न काढता ओठ हलवले. "चहा."

मासूमा पीठ मळत होती. नजर परातीत होती. तो थांबला. पुन्हा म्हणाला. तिने पिठाचा गोळा उलटा केला, पाण्याचा हात लावला, पुन्हा मळायला लागली. तिची नजर परातीवरून वर आली नाही. या महिन्यांत समोर भिंतच असायची. मान वर करून बघण्यासारखं तिथे काही नव्हतं, आणि ती बघायचं सोडून बसली होती.

निसार रोज त्या खुर्चीवर बसू लागला. कधी ती बघायची, चहा आणून द्यायची. बहुतेकदा बघायची नाही. तो हात हलवायचा, दिव्याचं बटण चालूबंद करायचा. तेव्हा ती चटकन बघायची, पण "काय झालं?" अशा घाबऱ्या चेहऱ्याने.

एका संध्याकाळी झेबा शाळेतून आली आणि बाईंची नक्कल करायला लागली. चष्मा नाकावर, कमरेवर हात, एका पायावर तोल. मेहविश पोट धरून हसली. वसीमही हसला. हे सगळं खिडकीच्या बरोबर समोर चाललं होतं. निसारने आत पाहिलं. मासूमा त्यांच्याकडे पाठ करून डाळ निवडत होती.

तो उठला. दार ढकलून आत गेला आणि तिच्या खांद्याला हात लावला. ती वळल्यावर त्याने सगळं सांगितलं, चष्मा कसा, कमरेवर हात कसा, एका पायावर तोल कसा. त्याला स्वतःला नक्कल करता येत नव्हती, पण त्याने करून दाखवली.

मासूमा त्याच्याकडे बघून हसली. त्याने एवढी धडपड केली म्हणून हसली. "गोड आहे पोरगी," म्हणाली, आणि पुन्हा डाळीकडे वळली.

निसार बाहेर आला तेव्हा हॉलमध्ये दुसराच विषय सुरू झाला होता.